भुंकण्याला उत्तर

लातूर शहराच्या कडेला गेल्या काही वर्षांत ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांच्या बहुतेक जमिनीवर पूर्वी तूर, हरभरा आणि सोयाबीन पिकत असे. शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर भिंतीला भिंत लागून घरे झाली, आणि गावाकडून शहरात राहायला आलेल्या माणसांच्या मागोमाग त्यांची कुत्रीही आली. शेतात या कुत्र्याच्या आवाजाला किंमत होती. पिकात रानडुकरे शिरली, रोह्यांचा कळप बांधावर आला किंवा विहिरीवरच्या मोटारीजवळ परका माणूस घुटमळला, तर पहिली खबर कुत्र्याकडून मिळत असे, आणि न भुंकणाऱ्या कुत्र्याला भाकरी घालणारा शेतकरी आमच्या भागात तरी विरळाच. तेच कुत्रे तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर आले की त्याच आवाजाची तक्रार होते. कुत्रे बदललेले नसते आणि त्याचा स्वभावही बदललेला नसतो. त्याच्या आवाजाला मिळणारा प्रतिसाद तेवढा बदललेला असतो. हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला, आणि लक्षात आले तेही पुस्तकांपेक्षा माझ्या सासऱ्यांमुळे अधिक. त्यांना आम्ही सुना मामा म्हणतो.

आमचा तांब्या हा औसा तालुक्यातल्या शेतावरच्या कुत्रीचा. रंगावरून मुलीने त्याचे हे नाव ठेवले. आईचे दूध सुटल्यावर तो घरी आला आणि पहिले काही महिने इतका गुणी होता की शेजाऱ्यांना घरात कुत्रे आहे याचा पत्ताही नव्हता. मग तो वयात येऊ लागला आणि घराचे फाटक हे आपले कार्यालय असल्यासारखा तिथे ठाण मांडून बसू लागला. साधारण सहाव्या महिन्यापासून दीड-दोन वर्षांपर्यंतचा हा काळ कुत्र्याची पौगंडावस्था असतो. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की सुमारे आठ महिन्यांची कुत्री सांभाळणाऱ्या माणसाचे ऐकेनाशी होतात, परक्या माणसाने दिलेली तीच आज्ञा मात्र पाळतात. ज्यांच्या घरात नववी-दहावीतले मूल आहे त्यांना या निष्कर्षाचे फारसे आश्चर्य वाटणार नाही. मुद्दा एवढाच, की या वयातले भुंकणे पाहून कुत्रे बिघडले असा निकाल देऊन टाकण्याची घाई करू नये.

तक्रार मात्र खरी होती. लातूर हे शिकवण्यांचे शहर आहे. मराठवाड्यातून आणि बाहेरूनही मुले येथे वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी येऊन राहतात, आणि आमच्या समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर अशीच मुले भाड्याने राहतात. रात्री शिकवणी सुटली की ती पाठीवर दप्तर लावून सायकलींवरून परत येत, तांब्या फाटकाला पुढचे पाय लावून भुंकू लागे, आणि मुले वर जाऊन पुस्तक उघडून बसली तरी त्याचे आटोपत नसे. त्या घरच्या मालकीणबाई एका संध्याकाळी आल्या आणि म्हणाल्या, “ताई, आई-बाप लेकरं आमच्या भरवशावर ठेवून गेलेत. जरा बघा की याच्याकडं.” यात चुकीचे काहीच नव्हते. कुत्रे पाळणाऱ्या पुष्कळांना अशी तक्रार म्हणजे प्राणिद्वेष वाटतो. मला तसे वाटत नाही. ज्याची झोप किंवा अभ्यास मोडतो त्याला बोलण्याचा हक्क आहे.

तक्रारीपाठोपाठ सल्ले येतात, आणि ते फुकट असले तरी स्वस्त नसतात. कोणी वेताची छडी सुचवली, कोणी तोंडावर पाणी मारायला सांगितले, कोणी दोरीने जबडा बांधून ठेवण्याची युक्ती सांगितली, तर एका शिकलेल्या गृहस्थांनी भुंकताच गळ्याला विजेचा झटका देणारा पट्टा मोबाइलवर काढून दाखवला. या सर्व उपायांत एक समान दोष आहे. झटका बसतो त्या क्षणी कुत्रे रस्त्यावरच्या दप्तरवाल्या मुलाकडे पाहत असते, आपल्या भुंकण्याचा विचार करत नसते. त्यामुळे वेदना आणि तो मुलगा यांची गाठ त्याच्या मनात पडते, आणि जो मुलगा आजवर केवळ संशयास्पद होता तो आता धोकादायक ठरतो. शिवाय भुंकणे आणि गुरगुरणे या कुत्र्याने दिलेल्या पूर्वसूचना असतात. त्या मारून दाबल्या तर भीती तशीच राहते आणि सूचना न देता चावणारे कुत्रे तयार होते. वेल्समध्ये असे झटक्याचे पट्टे २०१० पासून कायद्याने बंद आहेत. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम प्राण्याला मारणे, विनाकारण यातना देणे आणि अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बराच काळ बांधून ठेवणे हे गुन्हे मानते. इतकेच नव्हे, तर नेहमी साखळीने बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. आपल्या वसाहतींत दिवसभर जिन्याखाली बांधलेली कुत्री पाहिली की या तरतुदीची आठवण कोणालाच कशी होत नाही, असे वाटून जाते. आणि सर्वांत जास्त भुंकतात तीही नेमकी हीच कुत्री.

मामांचे म्हणणे याच्या उलट होते. “भुकू द्या की. त्याचं काम ते करायलंय. तुमी आपलं काम करा,” असे म्हणून त्यांनी विषय संपवला होता. पण मला तेव्हा राहून राहून एक प्रश्न पडत होता. हेच मामा शेतावर राहत असताना तिथली कुत्री रात्रभर भुंकत नसत. ती भुंकत आणि थांबत. इथे तांब्या का थांबत नव्हता?

उत्तर शोधण्यासाठी माझ्या मुलीने वहीत चार रकाने आखले. तो केव्हा भुंकला, कोणाला पाहून किंवा ऐकून भुंकला, आवाज कसा होता, आणि त्यानंतर लगेच काय घडले. चौथा रकाना माझ्या आग्रहाने आला, आणि मला विचाराल तर तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आवाजाचा रकानाही निरुपयोगी ठरला नाही. बुडापेस्टच्या विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये मुडी नावाच्या हंगेरियन मेंढपाळ कुत्र्यांच्या वेगवेगळ्या प्रसंगी टिपलेल्या आवाजांचे ध्वनिमुद्रण लोकांना ऐकवले, तेव्हा कधीही कुत्रे न पाळलेल्या माणसांनाही कोणता आवाज परक्याला पाहून काढलेला आणि कोणता एकटे पडल्यावर काढलेला, हे बऱ्याच अंशी ओळखता आले. लांडगे मोठे झाल्यावर क्वचितच भुंकतात; भुंकणे वाढले ते माणसांच्या सहवासात राहू लागलेल्या कुत्र्यांत. तेव्हा तो आवाज आपल्याला थोडाफार कळतो यात नवल नाही. जाड, लागोपाठ आणि खालच्या पट्टीतले भुंकणे म्हणजे कोणीतरी आले आहे. उंच पट्टीतले, मध्ये मध्ये थांबून केलेले भुंकणे म्हणजे मी एकटा आहे. आणि घरातल्या कोणाच्या तरी तोंडाकडे पाहत काढलेला एकच तीक्ष्ण आवाज म्हणजे भाकरी कुठे आहे.

वही भरत गेली तसे कोडे उलगडू लागले. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर येतो. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे टँकरच्या आवाजाने माणसेही दचकून उठतात, मग कुत्र्याचे काय. टँकर आला की तांब्या भुंकायला लागायचा आणि टँकर रिकामा होऊन निघून जाईपर्यंत भुंकायचा. त्याच्या हिशेबाने रोज एक अवाढव्य शत्रू दारात येत होता आणि रोज त्याच्या भुंकण्यामुळे पळून जात होता. घंटागाडी, गॅसच्या टाक्या आणणारा माणूस, दूधवाला, सायकलवरची मुले हे सगळे असेच. येणारा प्रत्येक जण शेवटी जातोच, त्यामुळे भुंकण्याचे बक्षीस दर वेळी आपोआप मिळत राहते, आणि घरातल्या माणसाने कितीही रागावले तरी रोजच्या विजयापुढे ते रागावणे फिके पडते. त्यात भर म्हणजे आपण घरातून ओरडतो, तेव्हा कुत्र्याला आपणही त्याच्या साथीला भुंकायला लागलो आहोत असेच वाटत असावे.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा होता, आणि तो कुत्र्यावर करायचाच नव्हता. फाटकाच्या जाळीवर आतल्या बाजूने रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट ताणून बांधली, आणि तांब्याचे झोपण्याचे गोणपाट फाटकाजवळून उचलून मागच्या ओट्यावर, जिथून रस्ता दिसत नाही, तिथे नेले. दिसणेच कमी झाल्यामुळे विजयाच्या संधी कमी झाल्या. ज्यांना कुत्र्याला शिकवण्यासाठी वेळ नाही त्यांनी निदान एवढे तरी करावे; पुष्कळ घरांत अर्धी तक्रार यातच मिटेल.

दुसरा भाग व्यायामाचा. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते प्रामुख्याने धापा टाकून शरीर थंड ठेवते. तेव्हा सूर्य वर येण्याआधी आणि डांबर निवल्यावर, अशा दोनच वेळा फिरवण्यासाठी उरतात. रस्त्यावर तळहाताची मागची बाजू काही सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सहन होत नसेल तर त्याच्या पंजालाही होणार नाही. फिरवताना दोरी ढिली सोडून त्याला वास घेऊ द्यावा. किती किलोमीटर चाललो यापेक्षा किती खांब, किती बांध आणि किती झुडपे हुंगून झाली हे तरुण कुत्र्याच्या दृष्टीने मोठे असते, कारण नाकाचे काम त्याला पळण्याइतकेच थकवते. दुपारच्या उन्हात बाहेर नेणे शक्य नसते तेव्हा ज्वारीच्या भाकरीचे बारीक तुकडे जुन्या गोणपाटाच्या घड्यांत लपवून द्यावेत. ते शोधण्यात तो रमतो आणि नंतर झोपतो. झोप हाही उपायच आहे. वाढत्या कुत्र्याला दिवस-रात्र मिळून निम्म्याहून बराच अधिक वेळ झोप लागते, आणि ती मोडली की ते चिडचिडे होऊन जास्त भुंकते. जाता जाता एक सांगणे आवश्यक आहे. आपल्या घरातले येसराचे कालवण किंवा कांदा-लसूण घातलेली भाजी कुस्करून कुत्र्याच्या भाकरीवर घालू नये. कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातील लाल पेशींना घातक असतात, आणि द्राक्षे व बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांना.

खरे शिकवणे सुरू झाले ते सायकलवरच्या मुलांपासून. कुत्र्याला दप्तरवाला मुलगा दिसला, की पाठोपाठ काहीतरी उत्तम खायला मिळते, एवढाच धडा त्याला द्यायचा होता. रशियातील पावलोव यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुत्र्यांच्या लाळेवरून जे दाखवून दिले त्याचाच हा घरगुती वापर. यात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी मुलगा दिसला पाहिजे, नंतर खाऊ. उलटे झाले तर खाऊची पिशवीच संशयास्पद होते. अंतरालाही तितकेच महत्त्व आहे. कुत्रे पाहते आहे, कान टवकारते आहे, पण अजून भुंकलेले नाही, अशा अंतरावर मुलाने उभे राहायचे आणि कुत्र्याने उकडलेल्या अंड्याचा तुकडा खायचा. भुंकू लागले, याचा अर्थ आपण अंतर कमी करण्याची घाई केली; मग रागावण्याऐवजी मागे सरकायचे. समोरच्या मुलांना मी हे समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी जीवशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले सारे काही मलाच ऐकवले आणि आनंदाने तयार झाली. शिकवणीहून परतताना ती गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरत, थोडा वेळ तिथेच थांबत, आणि दिवसांमागून दिवस थोडी थोडी जवळ येत. यातले कोणीही तांब्याला हात लावायला आले नाही, आणि येऊही नये. अनोळखी माणसाने लाडाने पुढे केलेला हात भित्र्या कुत्र्याला धमकीच वाटते.

आणि मग मामांनी जे केले त्यामुळे माझ्या मूळच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. एका रात्री तांब्या मागच्या भिंतीकडे तोंड करून भुंकू लागला. मामा उठले, बॅटरी घेऊन सावकाश मागे गेले, भिंतीवर उजेड टाकला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “हां, बघितलं रं. मांजर हाय. चल आता.” तांब्या एकदा त्यांच्याकडे आणि एकदा भिंतीकडे पाहून त्यांच्यामागे आला आणि गोणपाटावर पडला. मी त्यांना विचारले, शेतावर तुम्ही असेच करत होतात का. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. कुत्रे भुंकल्यावर माणसाने उठून बघायचे असते, यात विचारण्यासारखे काय आहे, असा त्यांचा चेहरा झाला होता.

शेतावरचे कुत्रे थांबत होते, कारण त्याची खबर कोणीतरी घेत होते. शहरातल्या कुत्र्याची खबर कोणी घेत नाही. आपण बंद दाराआडून ‘ए, गप’ म्हणतो, म्हणजे खबर पोहोचल्याची पोच देतच नाही, आणि तो बिचारा तीच खबर आणखी मोठ्याने देत राहतो. प्राणिवर्तनाचे जाणकार ‘शांत’ ही आज्ञा शिकवण्याची जी पद्धत सांगतात ती जवळजवळ अशीच आहे. दोन-तीन वेळा भुंकू द्यावे, जवळ जावे, तो पाहतो आहे तिकडे पाहावे, ठरलेला एकच शब्द शांतपणे उच्चारावा, क्षणभर थांबला की लगेच खाऊ द्यावा, आणि त्याला तिथून दुसरीकडे न्यावे. पुढे हळूहळू शब्द आणि खाऊ यांच्यातला वेळ वाढवत न्यायचा. आमच्या घरात तो शब्द साहजिकच ‘बघितलं’ हाच ठरला. मामांकडे खाऊ नसे, पण उठून येणारा विश्वासाचा माणूस हेच त्या कुत्र्यांचे बक्षीस असावे.

मागणीच्या भुंकण्याला मात्र हा उपाय चालत नाही. तिथे नेमके उलट करायचे असते, आणि घरोघरी गोंधळ होतो तो येथेच. जेवणाच्या वेळी पानाकडे पाहून भुंकणाऱ्या कुत्र्याकडे पाहायचे नाही, बोलायचे नाही, आणि तो गप्प राहिल्यावर त्याच्या भांड्यात त्याचे अन्न घालायचे. हे सुरू केले की भुंकणे आधी वाढते. आजवर चालत आलेला उपाय चालेनासा झाला म्हणून तो जोर लावून पाहतो. याच टप्प्यावर बहुतेक माणसे हार खातात आणि एक तुकडा टाकतात, म्हणजे अधिक मोठ्याने भुंकल्यास मिळते हा नवा धडा देतात. आमच्या आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे मन या बाबतीत फार मऊ आहे, आणि कधी मिळते व कधी मिळत नाही अशा बक्षिसाने सवय सर्वांत घट्ट बसते हे त्यांना पटवण्यात मी यशस्वी झाले असे म्हणवत नाही. अखेर त्यांच्या जेवणाच्या वेळी तांब्या मागच्या ओट्यावर असतो, एवढी तडजोड झाली. मात्र दुर्लक्षाचा हा उपाय भीतीने किंवा एकटेपणाने भुंकणाऱ्या कुत्र्यावर कधीही करू नये. घाबरलेल्याकडे पाठ फिरवल्याने त्याची भीती ओसरत नाही. एकट्याने राहण्याची सवय मिनिटा-मिनिटाने वाढवावी लागते, आणि त्याला दुसरा जवळचा मार्ग नाही.

हे सारे करण्यापूर्वी कुत्र्याची तपासणी करून घ्यावी, हे खरे तर आधी सांगायला हवे होते. कानातला संसर्ग, गोचिडांचा त्रास, जंत, दुखरा दात यांपैकी काहीही कुत्र्याला बेचैन करते. गावोगावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, आणि मोठी अडचण असेल तर परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. नसबंदी केल्याने भुंकणे थांबेल, अशी पुष्कळांची समजूत असते. नराचे मादीसाठी भटकणे आणि त्या काळातली रडारड तिने कमी होऊ शकते, पण राखणीच्या भुंकण्यावर तिचा विशेष परिणाम होत नाही. आणि लस न दिलेल्या कुत्र्याचा आवाज अचानक घोगरा किंवा विचित्र झाला, लाळ गळू लागली, वागणे बदलले, तर शिकवण्याचा विचार सोडून दूर राहावे आणि ताबडतोब पशुवैद्यांना कळवावे. रेबीजमध्ये घशाचे स्नायू लुळे पडत असल्यामुळे आवाज बदलतो.

जातीचाही विचार करावा. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत श्वानांचे प्रदर्शन भरते, तिथे कारवानी कुत्री पाहावीत. शिकारीच्या मागे नजरेने धावणारी ही सडपातळ कुत्री स्वभावतःच कमी भुंकतात. राखणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या कुत्रीचे पिल्लू आणून त्याने कारवान्यासारखे मौन पाळावे, ही अपेक्षा न्यायाची नाही. तांब्या आजही टँकरवर भुंकतो, पण टँकर जाण्याची वाट न पाहता मागे येतो. वानरांवर तो भरपूर भुंकतो आणि त्याबद्दल आम्ही त्याला काही म्हणत नाही. गल्लीतली मोकाट कुत्री मध्यरात्री एकमेकांना साद घालू लागली की तोही ओ देतो. तेव्हा त्याला आतल्या खोलीत घेतो आणि पंख्याचा आवाज मोठा करतो.

सध्या तयारी दिवाळीची आहे. फटाक्यांच्या ध्वनिमुद्रणाचा आवाज अगदी कमी ठेवून त्याच्या जेवणाच्या वेळी लावायचा, आणि त्याने कान टवकारले नाहीत तरच दुसऱ्या दिवशी किंचित वाढवायचा, हे काम मुलीने दसऱ्याच्या बरेच आधी हाती घेतले आहे. मालकीणबाईंनाही तसे सांगून ठेवले आहे, नाहीतर ऐन पावसाळ्यात आमच्या घरातून लवंगी माळेचा आवाज का येतो, हे विचारायला त्या पुन्हा यायच्या.